चाळिशीनंतरचा खांदा व वजनांचा व्यायाम

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, शिष्यवृत्त्या वाटून झाल्या, वधूवर-सूचीचे प्रकाशनही यथासांग पार पडले. आता भोजनापूर्वीचा अर्धा तास चिटणीसांनी आमच्या स्वाधीन केला आहे. पंक्तीची तयारी चालू असता श्रोत्यांना जागेवर बसवून ठेवणे हे काम मुळातच कठीण. त्यातून आमचा विषय खांदेदुखीचा! तथापि हा विषय आम्ही बुद्ध्याच निवडला आहे. कारण ज्या दुखण्याने माणूस मरत नाही, त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही; आणि लक्ष न दिल्यामुळे त्याचे जे दूरवरचे नुकसान होते, ते मात्र आयुष्यभर पुरते.

प्रथमच सांगून टाकतो की, आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म शाळामास्तरकीत गेलेला. परंतु वयाच्या ५३ व्या वर्षी, घरी डंबेल्सचा नित्याचा व्यायाम चालू असता, आमचा उजवा खांदा धरला. फळ्याच्या वरच्या कडेला तारीख व सुविचार लिहिण्यास हात वर जाईना, तेव्हा ते काम आम्ही वर्गातील सर्वांत उंच मुलाकडे सोपविले. त्या निमित्ताने जाणत्या डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले, सांगितलेला व्यायाम नेमाने केला, आणि सुमारे पाच महिन्यांनी खडू पुन्हा आमच्या हाती आला. त्या वाचनाचे व अनुभवाचे सार आपल्यापुढे ठेवावे, इतकाच आजचा हेतू आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीत एक स्वागतार्ह पालट दिसून येतो. आपले वडील ज्या वयात उपरणे सावरीत देवळाच्या ओट्यावर बसत, त्या वयात आपले पंचेचाळीस-पन्नाशीचे बंधू आता व्यायामशाळेत जाऊन लोखंडी वजने उचलू लागले आहेत. कुणाला डॉक्टरांनी मधुमेहाची ताकीद दिलेली असते, तर कुणाचे पोट सदऱ्याच्या गुंड्यांना जुमानीनासे झालेले असते. कारण कोणतेही असो, कार्य चांगलेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढांनी चालण्याफिरण्याखेरीज स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मागील पिढीला विहिरीचे पाणी शेंदणे, पोती उचलणे, धान्य कांडणे यांतून तो आपोआप घडे. आपण दुकानाच्या गादीवर अथवा संगणकापुढे बसणारे. आपल्याला तो मुद्दाम करावा लागतो.

परंतु व्यायामशाळेत जाऊ लागलेल्या या मंडळींशी बोलावे, तो चार-सहा महिन्यांतच पुष्कळांच्या तोंडी एकच तक्रार ऐकू येते : "मास्तर, खांदा दुखतो." पुढे त्यांच्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, "हे आपले वय नव्हे," आणि व्यायामशाळेस कायमचा रामराम ठोकतो. मग वजन वाढते, रक्तातील साखर पुन्हा चढते. दुसरा म्हणतो, "दुखल्यावाचून बळ येत नाही," आणि दात ओठ खाऊन तेच वजन रेटीत राहतो. शेवटी सदऱ्याच्या बाहीत हात घालण्यास त्याला घरच्यांची मदत लागते. आमच्या परिचयाच्या एका दुकानदार गृहस्थांना वरच्या फळीवरील डबा काढण्यासाठी पोराला हाक मारावी लागे. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. दुखऱ्या खांद्याला पूर्ण विश्रांतीही मानवत नाही आणि जुलूमही मानवत नाही. त्याला बेताबेताने वाढविलेला भार हवा असतो.

असे का, हे कळण्यासाठी खांद्याची घडण थोडी पाहिली पाहिजे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोल वाटीत घट्ट बसलेला असतो. खांद्याची गोष्ट निराळी. तेथे दंडाच्या हाडाचा मोठा गोळा खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरील त्रिकोणी हाडाच्या, लहानशा उथळ खोबणीवर टेकलेला असतो. जणू बशीत ठेवलेला चेंडूच. त्यामुळेच आपला हात चहूकडे फिरतो, पाठ खाजवितो, देवापुढे जोडला जातो. पण बशीतला चेंडू घरंगळू नये म्हणून त्याला कोणी तरी सतत धरून ठेवावे लागते. हे काम खवाट्यापासून निघणारे चार लहान स्नायू करतात. त्यांच्या टोकांच्या चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा, सदऱ्याच्या कफाप्रमाणे त्या गोळ्याला वेढून असतात, म्हणून डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. वर खवाट्याचेच एक हाड छपरासारखे पुढे आलेले असते, आणि छप्पर व कंडरा यांच्यामध्ये घर्षण कमी करणारी एक पातळ पिशवी असते.

आता वयाचा भाग. चाळिशीनंतर कंडरांची लवचीकता घटते आणि झालेली झीज भरून येण्यास वेळ लागतो. स्नायूंना रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून नवीन व्यायाम सुरू केला की काही आठवड्यांतच त्यांचे बळ वाढते. कंडरा मात्र सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने, बळकट होतात. ज्याने तारुण्यात जोर मारले, वजने उचलली, त्याचे स्नायू तर जुने बळ फारच लवकर परत मिळवितात. तो मनात म्हणतो, "अजून जमते की!" आणि दर आठवड्याला लोखंडाची आणखी एक चकती चढवितो. स्नायू पुढे धावतात, कंडरा मागे राहतात, आणि या दोहोंतील अंतर दुखण्याच्या रूपाने प्रकट होते.

येथे आम्ही शाळेतील शेकडेवारीचे एक उदाहरण घालतो. व्यायामशाळेतील सर्वांत लहान चकती बहुधा सव्वा किलोची असते. दांड्याच्या दोन्ही बाजूंस ती चढविली की अडीच किलो वाढले. खांद्यावर १०० किलो घेऊन बैठक मारणाऱ्या गड्याला ही वाढ शेकडा अडीच झाली. परंतु २० किलोचा दांडा डोक्यावर उचलणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला तीच वाढ शेकडा साडेबारा होते! चकती तीच, पण मांडीला ती जाणवत नाही आणि खांद्याचे कंबरडे मोडते. म्हणून खांद्याच्या व्यायामात वजन वाढविण्याआधी आवर्तने वाढवावीत. ८ आवर्तने सहज होऊ लागली की १० करावीत, मग १२ करावीत, आणि त्यानंतरच वजनाला हात लावावा.

सगळ्या खांदेदुखीचे मूळ एक नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, कळ येते आणि त्या कुशीवर निजता येत नाही, हे बहुधा कंडरांचे दुखणे. खांद्याच्या अगदी वरच्या टोकाशी, गळ्याखालचे आडवे हाड जेथे खवाट्याला मिळते तेथे, बोट ठेवताच दुखते आणि बाकावर उताणे निजून दांडा लोटताना कळ येते, हे बहुधा त्या लहान सांध्याचे. कोपर बरगडीला टेकवून हात बाहेरच्या बाजूस वळविता येत नाही, दुसऱ्याने वळविला तरीही वळत नाही, हा गोठलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर. हे नाव बोस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केले. तो साधारणपणे चाळीस ते साठ या वयात होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, आणि मधुमेह्यांना तर विशेषच गाठतो. तो बहुधा सुटतो, पण एक ते तीन वर्षे घेतो. म्हणून ज्याचा खांदा असा आखडला असेल त्याने रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. आणि मानेपासून निघून कोपराखाली उतरणारी कळ, बोटांना मुंग्या, ही लक्षणे असतील तर मूळ खांद्यात नसून मानेत असण्याचा संभव असतो.

काही चिन्हे अशी आहेत की तेथे घरगुती शहाणपण क्षणभरही चालवू नये. डाव्या खांद्यात अथवा हातात कळ येऊन सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर ते हृदयाचे दुखणे समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. वजन उचलताना काही तुटल्यासारखे होऊन हात एकाएकी वर जाईनासा झाला, खांद्याचा आकार बदलला, सांध्याला सूज येऊन ताप भरला, अथवा रात्रंदिवस ठणका राहून शरीर वाळू लागले, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

आता शस्त्रक्रियेच्या भीतीविषयी दोन शब्द. पुष्कळ लोक खांद्याचे एमआरआय चित्र काढतात आणि त्यात 'कंडरा फाटली आहे' असे वाचून हाय खातात. परंतु १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचे खांदे मुळीच दुखत नव्हते अशा ९६ जणांची चित्रे काढली, तेव्हा साठीपुढील लोकांपैकी शेकडा ५४ जणांच्या कंडरांत कमी-अधिक फाट आढळली. डोक्यावरचे केस पांढरे होतात, तद्वत कंडरेलाही वयाच्या खुणा पडतात; प्रत्येक खुणेला औषध लागत नाही.

१९७२ साली अमेरिकेतील शल्यवैद्य नीर यांनी असे मत मांडले की, वरच्या छपराचे हाड कंडरेवर घासते म्हणून दुखते. सबब ते थोडे तासावे. पुढे कित्येक दशके असंख्य खांद्यांची हाडे तासली गेली. मग इंग्लंडमध्ये ३१३ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींचे हाड खरोखर तासले, काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले व बाहेर काढली, आणि काहींवर काहीच केले नाही. २०१८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निकाल छापून आला : हाड तासलेले आणि न तासलेले यांच्यात फरक नव्हता, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा ते दोघे बरे असले तरी ते अंतर फार अल्प होते. फिनलंडमधील प्रयोगाचा निष्कर्षही त्याच वर्षी तसाच निघाला. अर्थात् अपघाताने कंडरा पूर्ण तुटली असेल तर तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो. परंतु सर्वसाधारण दुखऱ्या खांद्याला पहिला उपाय योग्य व्यायाम हाच, असे आज जाणते लोक सांगतात.

तो व्यायाम कसा करावा? त्याचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा दोन-तीन आठवड्यांचा. ज्या हालचालीने कळ येते तेवढी बंद ठेवावी. पायांचा व्यायाम, चालणे, दुसऱ्या हाताचे काम चालू द्यावे. हात झोळीत बांधून ठेवू नये, कारण त्याने खांदा आखडतो. चांगल्या हाताने मेजाचा आधार घेऊन पुढे वाकावे, दुखरा हात विहिरीतल्या पोहऱ्यासारखा सैल सोडावा आणि हलके झोके द्यावेत. याशिवाय कोपर काटकोनात वाकवून अंगाशी धरावे आणि मूठ दाराच्या चौकटीवर कधी बाहेरच्या, कधी आतल्या बाजूने निम्म्या जोराने दाबून अर्धा मिनिट धरावी. असे चार-पाच वेळा करावे. रात्री दुखऱ्या कुशीवर न निजता हाताखाली उशी घ्यावी.

दुसऱ्या टप्प्यात रबरी पट्टा घ्यावा. काखेत घडी केलेला पंचा धरून कोपर अंगाशी ठेवावे आणि पट्टा बाहेरच्या बाजूस ओढावा. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून, वल्हे मारल्याप्रमाणे कोपरे मागे नेत दोन्ही खवाटे एकमेकांजवळ आणावेत. भिंतीवर हात टेकून हलके जोर काढावेत. प्रत्येकी १२ ते १५ आवर्तनांच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस पुरेत. परत येताना मनात तीन अंक मोजावेत. घाई करू नये.

तिसरा टप्पा वजनांकडे परतण्याचा. दांड्यापेक्षा प्रथम डंबेल्स बरी, कारण प्रत्येक हाताला आपली सोयीची वाट धरता येते. उताणे निजून लोटताना कोपरे खांद्याच्या रेषेत न पसरता अंगाशी साधारण ४५ अंशांत ठेवावीत. डोक्यावर उचलताना हात किंचित पुढच्या बाजूने न्यावेत. दांडा मानेच्या मागे उतरविण्याचा प्रकार चाळिशीनंतर सोडून द्यावा, त्यात फायदा थोडा आणि जोखीम फार. जितके लोटावे तितकेच ओढावेही. आरशात दिसणाऱ्या छातीचा व्यायाम आणि न दिसणाऱ्या पाठीचा व्यायाम सारखा असावा.

या तिन्ही टप्प्यांत मोजमापाचे एक साधे साधन आहे. वेदनेला दहापैकी गुण द्यावेत. तीनपर्यंतची वेदना चालेल, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आली पाहिजे. न आल्यास भार कमी करावा; व्यायाम मात्र सोडू नये. निदान १२ आठवडे धीर धरावा, त्याआधी निकाल विचारू नये. वार्षिक परीक्षेचा निकाल सहामाहीत कोण मागतो?

औषधांविषयी इतकेच की, वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ खाऊ नयेत. पोट, मूत्रपिंडे व रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो. सांध्यातील स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे आराम पडतो, परंतु मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, हे माहीत असावे. हलके तेल चोळण्यास हरकत नाही. पण कोणी आखडलेला खांदा हिसडा देऊन 'मोकळा' करू म्हणेल, तर त्यास नम्रपणे नकार द्यावा.

भगिनींनी हा विषय केवळ पुरुषांचा समजू नये. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि भाराचा व्यायाम त्यांना बळ देतो. पाण्याची बादली व धान्याचा डबा उचलणाऱ्या हातांना तो अवघड नाही. मात्र आखडत चाललेला खांदा घरकामाच्या धबडग्यात 'होईल बरा' म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढू नये.

हे सर्व ज्ञान पाश्चात्त्यांकडूनच आले असे मात्र नाही. आपल्या तालमींतील मुद्गल इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात उचलून नेले, आणि १९०४ व १९३२ सालच्या ऑलिंपिक सामन्यांत मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली. तालमीत वस्तादाने नवख्याच्या हाती प्रथम हलकी जोडी द्यायची, हा शिरस्ता याच शहाणपणाचा होता. त्याहून जुना दाखला आयुर्वेदाचा. सुश्रुत व वाग्भट यांनी व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच करावा, असा दंडक घातला. तो निम्मा कसा ओळखावा? तर कपाळ, काखा यांना घाम यावा, तोंडाला कोरड पडावी, तेथे थांबावे. अतिव्यायाम करणाऱ्याला वाग्भटाने हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान खराच, पण हत्ती ओढण्यात त्याचा नाश होतो. आपल्यातील काही पन्नाशीचे सिंह शेजारच्या विशीतल्या पोराचे वजन पाहून हत्तीलाच हात घालतात!

शेवटी मंडळास दोन सूचना. आपल्या वसतिगृहाच्या तळमजल्यावरील व्यायामशाळेसाठी यंदा नवे यंत्र घेण्याचा विचार चालू असल्याचे ऐकतो. त्याआधी अर्ध्या किलोच्या चकत्यांचे दोन जोड, एक-दोन किलोची डंबेल्स आणि डझनभर रबरी पट्टे घ्यावेत. यंत्राच्या मानाने हा खर्च क्षुल्लक आहे. आणि आपल्या ज्ञातीत जे तरुण-तरुणी फिजिओथेरपीची पदवी घेऊन बाहेर पडले आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार सकाळी दोन तास तेथे देऊन चाळिशीपुढील सभासदांचे खांदे तपासावेत. ज्ञातीने दिलेल्या शिष्यवृत्तीची फेड याहून गोड रीतीने कशी होणार?

तरुण मंडळींना एक विनंती. एखादे काका दोन किलोचे डंबेल घेऊन सावकाश हात हलवीत असतील तर त्यांना हसू नका. ते ७५ व्या वर्षी नातवंडाला उचलून घेण्याची तयारी करीत असतात. आणि त्या काकांना सांगणे असे की, हसणाऱ्यांकडे पाहून वजन वाढवू नका, आणि कंटाळून घरीही बसू नका. निम्मी शक्ती, पुरता नेम आणि भरपूर धीर, एवढी शिदोरी बाळगली तर खांदा आपल्याला शेवटपर्यंत साथ देईल.

पंक्ती मांडून झाल्याचा इशारा चिटणीस करीत आहेत.